एकाच हेडसेटवर गेम आणि तंबोरा

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड आहे. वडगाव-शहापूर म्हणजे विणकरांचीच वस्ती, त्यामुळे इथं याचं कुणाला काही वाटत नाही. पूर्वीइतके माग आता राहिले नाहीत, पण जे आहेत ते सकाळी सुरू झाले की धोट्याची खटखट दिवसभर घरात असते. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हीएमसी, म्हणजे धातू कापायच्या मशीनवर काम करतो. तिथंही कटिंगचा आवाज, कॉम्प्रेसर, शेजारच्या शॉपमधला ग्राइंडर. घरी आलं की मला दोनच गोष्टी हव्या असतात: मित्रांबरोबर गेम आणि झोपायच्या आधी थोडं गाणं. दोन्हींसाठी मिळून एकच बिनतारी हेडसेट घ्यायचा ठरवला. तो घेतल्यापासून जे जे कळत गेलं ते लिहितोय, कारण निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे ओळखीचे लोक सारखं विचारत असतात आणि फोनवर तुटक सांगून समाधान होत नाही.

आधी वायरचा होता. आवाजाला काही खोट नव्हती. पण वायर खुर्चीच्या चाकाखाली यायची, जॅकजवळ मुडपायची आणि एक दिवस डावा कान बंद पडायचा. डाग देऊन पुन्हा चालवायचा, पुन्हा तेच. बिनतारी घ्यायला एवढं कारण पुरे होतं.

खडेबाजाराच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत म्हणाला, "घालून बसा की थोडा वेळ, घाई काय आहे?" हे फार महत्त्वाचं आहे. हेडसेट डोक्यावर ठेवून लगेच काढला तर सगळेच चांगले वाटतात. पंधरा मिनिटं घालून बसलं की कुठला कानाच्या पाळीला लागतो, कुठला डोक्यावर भार टाकतो, कुठला कानशिलं दाबतो हे आपोआप समजतं. मला चष्मा आहे. चष्म्याची काडी कानामागे जाते तिथं गादी आणि कातडी यांच्यात बारीक फट राहते, आणि त्या फटीतून खालचा आवाज, म्हणजे बेस, निघून जातो. तिथंच चष्मा काढून आणि घालून एकच गाणं ऐकलं. फरक स्पष्ट होता. जाड, मऊ गादीचा हेडसेट निवडला तो याच कारणानं. चष्मा असलेल्यांनी दुकानात चष्मा घालूनच ऐकावं.

दुसरी गोष्ट बघितली ती जोडणीची. दुकानात दोन प्रकार होते. काही हेडसेट फक्त ब्लूटूथवर चालणारे, काही सोबत छोटा यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकाला खोचायचा बिनतारी तुकडा, असलेले. मी दोन्ही असलेला घेतला. पाच हजारांच्या आतबाहेर किंमत पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या हेडसेटला लागू आहे.

डोंगल कशासाठी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. निपाणीचा माझा मावसभाऊ फोनवर ब्लूटूथ इअरबड लावून बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतो आणि तक्रार करतो, "दादा, गोळी झाडल्यावर आवाज मागनं येतोय की." त्याचं बरोबर आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज आधी दाबून बारीक केला जातो, पाकिटांत भरून पाठवला जातो, हेडसेटमध्ये थोडा साठवला जातो, मग उलगडून वाजतो. या सगळ्यात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे शत्रू शेजारच्या खोलीत असताना त्याचं पाऊल जवळजवळ ७० मीटरवरून ऐकल्यासारखं झालं. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण व्हिडिओ चालवणारं ॲप उशीर ओळखून चित्रही तेवढंच मागे ठेवतं. गेमला ती सोय नाही. आपण बटण कधी दाबणार हे त्याला आधी माहीत नसतं, म्हणून चित्र थांबवता येत नाही.

डोंगलही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, पण तो आणि हेडसेट एकमेकांसाठीच बनलेले असतात. पाकिटं छोटी, साठा कमी, त्यामुळे उशीर साधारण २० ते ३० मिलिसेकंदांवर येतो. खेळताना तो मला कळतच नाही. माझ्या डोंगलला टाइप-सी तोंड आहे, सोबत यूएसबीचं अडॅप्टर मिळालं. मावसभाऊ दिवाळीला आला तेव्हा तोच डोंगल त्याच्या फोनला लावून दिला. एक मॅच खेळून त्यानं हेडसेट परत द्यायला खळखळ केली.

डोंगलची एक कटकट मात्र सुरुवातीला फार झाली. संगणकाच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टात तो लावला होता, शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क. हार्ड डिस्कवर काही कॉपी होऊ लागलं की आवाज तुटायचा. कट-कट होऊन अर्धा सेकंद गायब, परत चालू. हेडसेट बदलून मागावा असं घरच्यांचं म्हणणं पडलं. मी आधी इंटरनेटवर शोधलं, आणि त्यात कारण सापडलं. यूएसबी ३.० ची वायर ५ गिगाबिटच्या वेगानं माहिती नेते आणि त्या वेगाचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर लेख काढला होता. उपाय अगदी स्वस्त आहे: साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यायची आणि डोंगल संगणकाच्या पाठीमागून काढून टेबलावर, हेडसेटला सरळ दिसेल असा ठेवायचा. हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावली. त्यानंतर तुटणं जवळपास थांबलं.

उरलेलं वाय-फायमुळे होतं. आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी. प्रत्येक घरात राउटर, आणि बहुतेक सगळे २.४ वर. या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. फोनवर एक मोफत ॲप घेऊन बघितलं तर सगळी गल्ली ६ वर गोळा झालेली. माझा संगणक लॅन वायरनं जोडला, फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला, राउटरचा २.४ चा चॅनल ११ केला. मायक्रोवेव्हही याच पट्ट्याच्या आसपास चालतो, तेव्हा तो सुरू असताना डोंगल त्याच्या जवळ नको.

माइकचं सांगतो. ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज छान असतो, पण डिस्कॉर्डवर (खेळताना मित्रांशी बोलायचं ॲप) किंवा कॉलवर माइक सुरू झाला की सगळं एकदम जुन्या टेलिफोनसारखं होतं. हेडसेट बिघडला असं समजून लोक दुकानात घेऊन जातात. बिघडलेलं काही नसतं. ब्लूटूथकडे दोन वेगळे मार्ग आहेत. एक फक्त ऐकण्यासाठी, स्टीरिओ, चांगल्या दर्जाचा. दुसरा बोलण्या-ऐकण्यासाठी, मोनो, त्यात आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार किंवा फार तर १६ हजार, आणि नमुने कमी तितका आवाज बोथट. माइक उघडला की पहिला मार्ग बंद होऊन दुसरा लागतो. विंडोजच्या जुन्या आवृत्तीत तर यादीत एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, स्टीरिओ आणि हँड्स-फ्री. डोंगलवर हा प्रश्न येत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: गेम आणि गप्पा डोंगलवर, नुसतं गाणं फोनवरून ब्लूटूथवर.

दिवसा खेळायला बसलं की मागच्या शेडची खटखट माइकमधून सगळ्यांना जायची. गोकाकचा एक मित्र आमच्या टीममध्ये आहे. तो म्हणायचा, "अण्णा, तुमचा माग माझ्या घरात चालू झालाय." माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, बोटभर अंतरावर आणली आणि श्वास थेट आत जाणार नाही अशी थोडी बाजूला वळवली. मग माइकची पातळी बरीच खाली आणता आली. आवाज जितका तोंडाजवळून उचलला जाईल तितका मागचा गोंगाट कमी, हे इतकं साधं आहे. डिस्कॉर्डमध्ये गोंगाट दाबण्याची क्रिस्प नावाची सोय आहे, तीही चालू ठेवतो. धोट्याची खटखट ती चांगली गिळते. फक्त हळू बोललं तर शब्दाचं शेपूटही खाते.

आणि साइडटोन! आपला आवाज आपल्याच कानात थोडा परत सोडण्याची ही सोय असलेला हेडसेटच घ्यावा. दोन्ही कान झाकले की माणूस नकळत ओरडून बोलतो. रात्री आई आतून हाक मारायची, "कुणाशी भांडायलाइस रे?" साइडटोन लावला तेव्हापासून ती हाक बंद झाली.

आता खेळातल्या ऐकण्याकडे येतो. आम्ही व्हॅलोरंट ही संघानं खेळायची बंदुकांची गेम खेळतो. तिचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे बेळगावहून पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाची, फारशी अडचण नाही. या खेळात अर्धी लढाई कानानं होते. कुणी धावतोय की दबकत चालतोय, लाकडावर आहे की धातूवर, डावीकडे की उजवीकडे, हे पडद्यावर दिसायच्या आधी कानाला कळायला हवं. गोकाकचा मित्र "बलक्क, बलक्क" ओरडतो, मावसभाऊ "उजवीकडं, उजवीकडं", आणि मी तोवर वळलेला असतो.

हेडसेटच्या डब्यावर ७.१ (सभोवार सात स्पीकर आणि एक बेसचा) असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. कपाच्या आत सात स्पीकर नसतात, प्रत्येक कानाला एकच असतो, माझ्यात ५० मिलिमीटरचा. बाकीचं सगळं गणित असतं. डावं-उजवं आपल्याला कळतं ते आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचल्यामुळे. जास्तीत जास्त फरक साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा सांगतो, याचं मला आजही नवल वाटतं. पुढं-मागं, वर-खाली ओळखायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. त्या प्रत्येक दिशेच्या आवाजाचा रंग किंचित बदलतात. हेच बदल गणितानं आवाजात घालायच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. ती चालू केली की हेडसेटचं ७.१ आणि विंडोजचं अवकाशी ध्वनीचं सेटिंग, दोन्ही बंद ठेवायची. एकावर एक दोन गणितं चढली की पाऊल पसरतं, सगळीकडून आल्यासारखं वाटतं. मी तिन्ही चालू-बंद करून सराव मैदानात मित्राला माझ्याभोवती फिरायला लावून तपासलं. फक्त खेळाचं एचआरटीएफ चालू असताना तो नेमका कुठल्या कोपऱ्यात आहे हे मी डोळे मिटून बोटानं दाखवू शकत होतो.

मग इक्वलायझर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमीजास्त करायची सोय. हर्ट्झ जितके जास्त तितका आवाज बारीक. गेमिंग हेडसेट बहुतेक बेस वाढवूनच येतात, स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून. पण स्फोटाखाली पाऊल बुडतं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो घातला. १५० हर्ट्झच्या खालचं ४ डेसिबलनं उतरवलं आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३ डेसिबलनं वर काढला. बुटाची टाच, दाराची कडी, बंदुकीत गोळ्या भरण्याचा खुळखुळाट, सगळे कडक आणि तीक्ष्ण आवाज इथं राहतात. काही वर काढलं की एकूण पातळी तेवढीच खाली आणायची, म्हणजे मी ३ डेसिबल उतरवली, नाहीतर मोठे आवाज फाटतात. या बदलानंतर खेळ वेगळाच झाला. मला वाटलं, जुळवाजुळव संपली.

त्याच रात्री, तेच सेटिंग ठेवून संगणकावर गाणं लावलं. कुमार गंधर्वांचं ध्वनिमुद्रण होतं. आमच्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस. आमच्याकडे त्यांचं नाव घरच्या माणसाच्या आपुलकीनं घेतात. कुमारजींच्या गाण्यात तंबोरा मागे नुसता वाजत नाही, तो त्या गाण्याचा पाया असतो. आणि माझ्या कानात तो तंबोरा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. दोन मिनिटांत हेडसेट काढून ठेवला.

कारण समजून घेताना मी तंबोऱ्याबद्दल जेवढं शिकलो तेवढं आधी कधी शिकलो नव्हतो. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सपाट नसते, तिला अगदी किंचित उतार असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवून तार घोडीला निसटता स्पर्श करेल अशी जागा शोधतात. तार छेडली की ती घोडीला घासत-सुटत राहते, आणि मूळ स्वराच्या वर एकावर एक स्वर उमलत जातात. हीच जवारी. काळी एकच्या पट्टीत पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ७० च्या आसपास. पण तंबोऱ्याचं तेज त्या ७० मध्ये नसतं. ते वर, हजारापासून पाच हजार हर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. मी पावलांसाठी ज्या पट्ट्याला फुगवलं होतं, नेमकी तिथंच जवारी राहते. आणि मी जो बेस उतरवला तिथं खर्ज.

मूळ सेटिंगवर, म्हणजे कंपनीनं दिलं तसं ऐकलं तर दुसरं टोक. खर्ज फुगून बसतो, तबल्याचा डग्गा घुमत राहतो आणि गायकाचा आवाज त्याच्या मागे जातो. जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून केलेली मुद्रणं, मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांची, त्यांत मुळातच खालचा भाग फारसा नाही, म्हणून ती मूळ सेटिंगवर उलट बरी वाटतात. पण साठ-सत्तरनंतरच्या ध्वनिमुद्रणांना ते मानवत नाही.

गाण्याचं सेटिंग जमवायला बराच वेळ दिला. सरळ सपाट रेषेपासून सुरुवात केली आणि एकाच वेळी एकच गोष्ट हलवली. १०० हर्ट्झच्या खाली अडीच डेसिबल कमी. ३ किलोहर्ट्झपाशी माझ्या हेडसेटला स्वतःचंच एक टोक आहे, ते दीड डेसिबलनं दाबलं. बाकी हात लावला नाही. तंबोऱ्याच्या चार तारा सुट्या सुट्या मोजता येतात का, आणि तरी त्या एकमेकांत मिसळतात का, एवढंच ऐकत राहिलो. जेव्हा दोन्ही एकदम झालं तेव्हा थांबलो. त्या रात्री कुमारजींनी मध्य लयीत एक छोटीशी तान घेऊन षड्जावर आवाज सोडला आणि तो तंबोऱ्यात कुठे मिसळला ते मला सांगता येईना. हेडसेट घेतल्याचं खरं सार्थक मला तेव्हा वाटलं. गेम जिंकल्यावर असं होत नाही.

आता दोन्ही सेटिंग जपून ठेवली आहेत, कीबोर्डच्या एका बटणावर बदलतात. फोनवरून ब्लूटूथनं ऐकताना साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) सेकंदाला जास्तीत जास्त ३२८ किलोबिट जातात. बारकाईनं ऐकलं तर टाळांच्या झंकारात थोडी कमतरता जाणवते, रात्री पडल्या पडल्या ऐकायला ठीक आहे.

आतेबहीण गाणं शिकते. तिनं हाच हेडसेट घेऊन तंबोऱ्याच्या ॲपवर रियाझ करून बघितला. तिचा अनुभव उपयोगी आहे म्हणून लिहितो. दोन्ही कान झाकून गायलं की स्वतःचा आवाज कवटीत घुमतो, जाड वाटतो, आणि सूर किंचित घसरतो. ती एक कप कानामागे सरकवून गाते. एका कानात तंबोरा, दुसऱ्या कानाला खोलीतला स्वतःचा आवाज. ब्लूटूथवर हार्मोनियमचं ॲप वाजवायचा नाद तिनं लगेच सोडला. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आला तर हात अडखळतो.

गाद्या आणि बॅटरीचं थोडक्यात. बेळगावचा पावसाळा लांब आणि दमट. नकली चामड्याच्या गाद्या अशा हवेत लवकर सुटतात, काळे पापुद्रे कानाला चिकटतात. पॉलियुरेथेन पाण्याच्या वाफेनं हळूहळू तुटतं, त्याला इलाज नाही. म्हणून गाद्या काढून बदलता येतात का हे घेतानाच बघावं. मी कापडी गाद्या लावल्या. घाम कमी, पण बेसही थोडा कमी, कारण कापडातून हवा निसटते. त्याप्रमाणे इक्वलायझर पुन्हा किंचित हलवावा लागला. बॅटरी लिथियमची आहे, ती उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही आणि महिनाभर वापरणार नसलो तर अर्धी भरून ठेवायची. वीज गेली की संगणक आणि वाय-फाय दोन्ही जातात, पण हेडसेट चालू असतो. फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी तेव्हा कामी येतात.

आता तात्यांबद्दल. माझे थोरले काका. त्यांनी सगळं आयुष्य मागावर काढलं. शेडच्या दारात उभं राहिलं तरी फोनच्या ॲपवर डेसिबलचा आकडा नव्वदीच्या वर दिसतो, आणि तात्या आत, दोन मागांच्या मधे, वर्षानुवर्षं उभे होते. कानात कापूससुद्धा नाही. तेव्हा कुणी सांगितलंच नाही. संध्याकाळी मात्र न चुकता भजनाला. पखवाज ऐकायचा, टाळ वाजवायचे.

एकदा मी गाणं ऐकत बसलो होतो, तर ते शेजारी येऊन बसले. "काय ऐकायलाइस एवढं गुंग होऊन? दे की जरा." मी त्यांना आवडणाऱ्या भजनाचं एक मुद्रण लावून दिलं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला. पखवाजाची धूम बरोबर पकडत होते. मग डोळे उघडून मला विचारलं, "टाळ नाहीत काय रे ह्यात?"

टाळ होते. भरपूर होते. मी हेडसेट स्वतःच्या कानाला लावून पुन्हा पुन्हा खात्री केली.

गोंगाटानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आतल्या शंखाकृती नळीतल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. त्यातही पहिला घाव बसतो तो ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर, विशेषतः ४ च्या आसपास. डॉक्टरांच्या आलेखावर तिथं खाच पडलेली दिसते. खालचे आवाज शाबूत राहतात, म्हणून घरच्यांना वाटतं माणसाला ऐकू येतंय. पण स, श, च, ट, फ ही अक्षरं पुसट होतात. "आवाज येतोय, पण काय बोलतोस ते कळत नाही," असं तात्या कित्येक वर्षं म्हणत आलेत आणि आम्ही त्यांना उलट मोठ्यानं बोलत आलो. पाऊल, जवारी, टाळ, सगळं ज्या पट्ट्यात राहतं तोच पट्टा मागानं त्यांच्याकडून घेतला होता.

त्यांच्यासाठी तिसरं सेटिंग केलं. २ किलोहर्ट्झपासून वर हळूहळू चढवत ६ डेसिबलपर्यंत नेलं, एकूण आवाज मुद्दाम कमी ठेवून. ते थांबून ऐकत होते. एका जागी त्यांनी बोट वर केलं, "हां, आता लागले." पण मी त्याहून वर नेलं नाही. हेडसेट म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. उरलेल्या कानावर जास्त भार टाकणं धोक्याचं आहे.

त्या दिवसापासून माझ्या स्वतःच्या आवाजाच्या पातळीकडेही माझं लक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. लहान मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. कारखान्यात मी कानात प्लग घालतो, पण दिवसभराचा जो काही वाटा तिथं खर्च होतो तो झालाच. म्हणून माग चालू असताना मी हेडसेटवर गाणं ऐकत नाही. बाहेरच्या खटखटीवर मात करायला माणूस नकळत आवाज चढवतो. गोंगाट गाळणारे महागडे हेडसेटही पंख्यासारखी एकसारखी घरघर चांगली गाळतात, धोट्याच्या आपटण्यावर त्यांचा तेवढा उपाय चालत नाही. रात्री शेड बंद झाली की पातळी तीन-चार घरं खाली येते आणि तरी सगळं ऐकू येतं. निपाणीच्या मावसभावाला हे रोज सांगतो. तो पंधरा वर्षांचा आहे आणि फोनचा आवाज शेवटपर्यंत नेतो. आता त्याच्या फोनमध्ये त्याच्या आईसमोर कमाल मर्यादा लावून दिली आहे.

तात्यांना कान तपासून घ्यायला तयार करणं सोपं गेलं नाही. "वय झालं की होतंच," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टाळांच्या त्या प्रसंगानंतर मात्र ते स्वतःच म्हणाले, "चल, बघून येऊया एकदा." बेळगावातल्या एका रुग्णालयात पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली आहे. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कानांचा आलेख काढतील. कानामागे बसणारं यंत्र लागलं, तर त्याचा माइक वरच्या बाजूला येतो, त्यावर हेडसेटचा कप बसेल का आणि बसला तर यंत्र शिट्टी मारेल का, हे तिथंच विचारायचं आहे. हेडसेट बरोबर नेणार आहे.